गाडीला नवी साडी

"आई, गाडी रॅप करायची आहे," असं चिरंजीवांनी मार्चमध्ये जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं कोणाला तरी भेट द्यायची असेल. ह्यांना वाटलं, काहीतरी गाण्याबिण्याचं आहे. मग खुलासा झाला, की गाडीला रंग न देता तिच्यावर रंगीत प्लॅस्टिकची पातळ फिल्म चढवतात, त्याला रॅप म्हणायचं. आता आपल्या पिस्कॅटवेत निम्म्या घरांत ड्रायव्हिंगच्या वयाची मुलं आहेत. आज आमच्याकडे निघालेला विषय उद्या तुमच्याकडे निघेल, म्हणून हा अनुभव लिहून ठेवते.

गाडी म्हणजे आमची २०१२ची चंदेरी होंडा अकॉर्ड. चिरंजीव रटगर्सला गेले तेव्हा ती त्यांच्या ताब्यात गेली आणि तिचं 'मॉडिफिकेशन' सुरू झालं. आधी काळी चाकं आली, मग स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. ती इतकी, की बर्फात स्टेल्टन रोडवरून जाताना तिचं पोट घासतं. तोपर्यंत हे काही बोलले नाहीत. रंगाचं नाव निघालं मात्र आणि म्हणाले, "रंगाला हात लावायचा नाही."

कारण मला ठाऊक होतं. माझ्या सासूबाई नाशिकहून दोनदा आल्या, दोन्ही वेळा याच गाडीतून त्यांना विमानतळावरून आणलं. पुढच्या सीटवर त्या बसायच्या आणि गाडीला 'चांदीची गाडी' म्हणायच्या. २०१९ साली त्या गेल्या. चिरंजीव आता नोकरीसाठी मिशिगनला निघाले आहेत आणि गाडीही बरोबर जाणार. मुलगा जाणार, गाडी जाणार, वर तिचा रंगही जाणार, हे ह्यांना जड जात होतं.

चिरंजीव मात्र तयारीनिशी आले होते. "बाबा, रंग जात नाही, झाकला जातो," म्हणाले आणि जर्मनीचं उदाहरण दिलं. तिथे पश्चिम जर्मनीत १९७१पासून टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. (आता बऱ्याच राज्यांनी तो नियम सैल केला आहे.) पण हस्तिदंती गाडी पुढे विकत कोण घेणार? म्हणून टॅक्सीवाले काळी किंवा करडी गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती फिल्म चढवू लागले. विकायच्या वेळी फिल्म सोलली की आत मूळ रंग शाबूत. हे मुंबईच्या काळी-पिवळी पद्मिनींमध्ये वाढलेले. त्या टॅक्सीचा रंग हीच तिची ओळख. शेवटच्या पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेल्या, तेव्हा ह्यांनी बातमी मोठ्याने वाचून दाखवली होती. टॅक्सीवाल्यांचा दाखला त्यामुळे बरोबर लागू पडला. "बघू," म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

पहिला प्रयोग मात्र फसला. पैसे वाचवायला चिरंजीवांनी स्वस्तातली फिल्म मागवून फक्त बॉनेटवर (त्यांच्या भाषेत 'हूड'वर) गराजमध्ये स्वतः चढवली. दोन-तीन आठवडे छान दिसली. मग कडा आत सरकू लागल्या आणि बॉनेटला चंदेरी किनार दिसू लागली. चौकशी केल्यावर कळलं, की फिल्मचे मुख्य प्रकार दोन. एक लाटलेली, म्हणजे गरम विनाइल रुळांमधून ताणून, दाबून काढलेली, तिला कॅलेंडर्ड म्हणतात. ताणून केलेली वस्तू पुन्हा मूळ मापावर यायला बघते, म्हणून ती आकसते. दुसरी कास्ट, म्हणजे पातळ द्रव ओतून, भट्टीत वाळवून केलेली. तिच्यात तो ताण नसतो, ती गोलाईवर नीट बसते आणि टिकते. पोळी आणि घावन यांत जो फरक, तोच. पूर्ण गाडीसाठी कास्टच घ्यायची. थ्री-एमची २०८० मालिका आणि एव्हरी डेनिसनची सुप्रीम रॅपिंग फिल्म ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. चिकटवण्याच्या बाजूला बारीक खाचा असतात, त्यांतून हवा निघून जाते, म्हणून फुगे राहत नाहीत.

मग दुकानातून नमुन्यांचा जुडगा घरी आला आणि तेव्हा मी मैदानात उतरले. दादरला दुकानदाराने साडी उलगडली की ती घेऊन आपण दारात उजेडात जायचो ना? तसंच करायचं. जाळीतून पडणाऱ्या ट्यूबलाइटच्या उजेडावर विश्वास ठेवायचा नाही. आम्ही तुकडे गाडीवर ठेवून तीन वेळा पाहिले: दुपारच्या उन्हात, ढगाळ दिवशी आणि रात्री पार्किंग लॉटच्या दिव्याखाली. बोटाएवढ्या तुकड्यावर जो रंग सोज्वळ दिसतो तो अख्ख्या गाडीवर अंगावर येतो. शक्य असेल तर हातभर तुकडा मागून घ्यावा आणि बॉनेटच्या वळणावर ठेवून पाहावा.

रंगाइतकाच महत्त्वाचा त्याचा पोत. ग्लॉस म्हणजे नेहमीच्या रंगासारखी चमक. लांबून कोणाला कळणारही नाही. धुवायला सोपी, पण ओरखडे लगेच दिसतात. मॅट म्हणजे अजिबात चमक नाही, दिसायला रुबाबदार, पण तेलकट बोटांचे ठसे आणि पक्ष्यांची विष्ठा यांचे डाग धरते. मॅटला मेण लावायचं नाही आणि घासून पॉलिशही करायचं नाही. डागाडागाने चकाकते आणि रूप जातं. सॅटिन ह्या दोहोंच्या मधलं, मऊ रेशमासारखं. त्याशिवाय घासलेल्या धातूसारखं ब्रश्ड, कार्बन फायबरच्या विणीसारखं खरखरीत, आणि आरशासारखं क्रोम. क्रोम चढवायला सर्वात अवघड आणि टिकायलाही सहसा सर्वात कमी.

चिरंजीवांचा जीव जडला होता 'कलर शिफ्ट'वर. एका बाजूने जांभळी, दुसऱ्या बाजूने हिरवी! मी म्हटलं, ही तर आपली धूपछाव पैठणी. तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, म्हणून हलली की रंग बदलतो. इथे रंगाच्या कणांवर अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यामुळे कोन बदलला की वेगळा रंग दिसतो. पण पैठणी आपण लग्नाला नेसतो, रोज ऑफिसला नाही. रोज २८७वरून जाणारी गाडी धूपछाव असली की पहिला महिना मौजेचा, दुसरा कौतुकाचा, आणि तिसऱ्यात पार्किंगमध्ये सगळे वळून बघतात याचाच कंटाळा येतो. हे चिरंजीवांना पटायला एक रविवार गेला.

शेवटी निकाल लावला तो एका प्रश्नाने. दुकानदाराने विचारलं, "दारांच्या आतल्या चौकटी करायच्या का?" ठरलेल्या पैशांत फक्त बाहेरून दिसणारा भाग येतो. दार किंवा डिकी उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटींना वेगळे तास, वेगळे पैसे. म्हणून चौकटी सोडणार असाल तर मूळ रंगाशी जमणारी फिल्म निवडा. लाल गाडीवर हिरवी चढवली तर दार उघडताच कलिंगड कापल्यासारखं दिसतं. चंदेरीवर गडद निळा, करडा, वाइनचा रंग, सगळे खुलतात. आम्ही गडद निळा सॅटिन ठरवला. चौकटी चंदेरीच ठेवा, असं दुकानदाराला सांगितलं ते ह्यांनी.

आता कामाच्या चार गोष्टी. सेडानला पाच फूट पन्ह्याची साधारण ५५ ते ६० फूट फिल्म लागते. ती एकाच लॉटची असावी, आणि थोडी जास्त घेऊन जपून ठेवावी, पुढे एखादं दार ठोकलं गेलं तर उपयोगी पडते. मेटॅलिक फिल्म सगळीकडे एकाच दिशेने लावली पाहिजे, नाहीतर मखमलीसारखी एक दार उजळ आणि एक गडद दिसतं. चांगल्या दुकानात पूर्ण गाडीचे अडीच ते पाच हजार डॉलर्स पडतात. आयुष्य पाच-सात वर्षं धरा, बॉनेट, छत आणि डिकी यांचं कमी, कारण ऊन तिथे थेट पडतं. मुदत उलटल्यावर तशीच ठेवली तर फिल्म ठिसूळ होते आणि सोलताना तुकडे पडतात.

आणि फिल्म म्हणजे दुरुस्ती नव्हे. गंज, पोपडे, खड्डे तिच्याखालून दिसतात, उलट जास्तच. ज्या भागाला आधी बॉडी शॉपमध्ये पुन्हा रंग दिला असेल, तिथे सोलताना रंगही निघून येऊ शकतो, हे दुकानदाराला आधीच सांगावं. गाडी लीझची असेल तर लीझ कंपनीला विचारावं. विमा कंपनीला कळवावं, आणि नोंदणीच्या कागदांवर रंग असेल तर मोटर व्हेइकल कमिशनकडेही चौकशी करावी. भारतात तर आरसी बुकात रंगाची नोंद असते आणि तो बदलायला आरटीओची परवानगी लागते. पुण्याच्या भाच्याला उत्साहाने सल्ला देण्यापूर्वी हे ध्यानात ठेवा. रॅपवाले काचा काळ्या करायचंही सुचवतात, पण न्यू जर्सीत पुढच्या दोन दारांच्या काचांवर वैद्यकीय सवलतीशिवाय ती फिल्म चालत नाही.

धुण्याचं म्हणाल तर ब्रशवाल्या यंत्रात गाडी घालू नये, हाताने धुवावी. प्रेशरची नळी कडांवर जवळून धरू नये. पेट्रोल भरताना सांडलं तर लगेच पुसावं. हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ आणि एप्रिल-मेमधली पिवळी परागधूळ फार दिवस बसू देऊ नये. म्हणून मी म्हणते, पोत निवडताना आधी एकच विचारा: गाडी धुणार कोण?

मेच्या शेवटी गाडी घरी आली. ड्राइव्हवेत उभी राहिली तेव्हा शेजारच्यांना वाटलं पाहुणे आले. हे दोनदा तिच्याभोवती फिरले, काही बोलले नाहीत. मग पुढचं दार उघडलं. आत सगळीकडून तीच चंदेरी कड. निळ्या साडीला चंदेरी काठ! सासूबाई बसायच्या त्या सीटवर हे बसले आणि चिरंजीवांना म्हणाले, "चल, जॉन्सन पार्कपर्यंत चक्कर मारून येऊ." दोघं दीड तासाने परतले.

गाडी आता मिशिगनला आहे. दर रविवारी फोनवर हे आधी विचारतात, "गाडी धुतलीस का?" नमुन्यांचा जुडगा मात्र आमच्याकडेच राहिला आहे. कोणाला हवा असेल तर पुढच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात, चहाच्या टेबलापाशी मला गाठा. बघायला उजेडात मात्र बाहेर यावं लागेल.