नाण्यावरचं नाव

मध्यंतरी बचत गटातल्या बायकांना घेऊन सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले होते. १९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही संस्था. जुन्या नाण्यांचा विषय निघाला, तशी एकीनं विचारलं, "ताई, नाण्यात काय एवढं बघायचं?"

मैत्रिणींनो, तेव्हा ना वर्तमानपत्र, ना टीव्ही. राज्य कुणाचं, हे रयतेला नाणंच सांगायचं. रोमच्या ऑगस्टसनं इजिप्त घेतल्यावर नाण्यांवर मगर काढून 'इजिप्त जिंकले' असं कोरलं. आपला गौतमीपुत्र सातकर्णीही काही कमी नव्हता. त्यानं शत्रूच्या, म्हणजे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवरच आपला ठसा मारला! नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली १३ हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर असा दुसरा ठसा होता.

१६७४ मध्ये शिवरायांना राज्याभिषेक झाला. त्यांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. फारसी अक्षरांच्या त्या जमान्यात त्यांवर देवनागरीत 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं उमटली. होन गरिबाच्या हाती कुठला पडायला? पण शिवराई बाजारहाट करणाऱ्या बाईच्या कनवटीलाही पोचली, आणि राजा आपला आहे हे घरोघरी कळलं.

तुमच्या देवघरात, आजेसासूबाईंच्या डब्यात अशी एखादी शिवराई असेलही. सणावाराला चिंच लावून ती घासू नका, अक्षरं झिजतात. मोडीत तर मुळीच घालू नका. लेकीसुनांना जवळ बसवून त्यावरचं नाव वाचून दाखवा.