सन्मानाचा रकाना

दहावीचा निकाल लागला, की आमच्या बीड जिल्ह्यात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. पतसंस्थेपासून गल्लीतल्या तरुण मंडळापर्यंत प्रत्येकाला गुणवंतांचा सत्कार करावयाचा असतो. शाल, श्रीफळ आणि सोनेरी मुलाम्याचा प्लॅस्टिकचा पेला! एकाच मुलाचे पाच-पाच सत्कार होतात आणि पाचही ठिकाणी ते त्याच एका टक्केवारीचे असतात. काचेच्या कपाटातली ती रांग पाहून पाहुण्यांचे डोळे दिपतात. परंतु पुढे एखाद्या महाविद्यालयाच्या अर्जात 'सन्मान व पारितोषिके' असा रकाना आला, म्हणजे घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

हा रकाना आमच्याकडे फार उशिरा आला. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, वैद्यकीचा 'नीट'वर, अभियांत्रिकीचा सीईटी किंवा जेईईवर. तिथे पेला कोणी विचारीत नाही. एका परीने ते बरेच आहे. पण अमेरिकेतील विद्यापीठे आणि आता आपल्याकडील काही खाजगी विद्यापीठे मुलाने वर्गाबाहेर काय केले तेही विचारतात. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालयांना मिळून एकच चालणारा जो 'कॉमन ॲप' नावाचा अर्ज आहे, त्यात सन्मानांसाठी जागा फक्त पाच. प्रत्येक सन्मान शंभर अक्षरांच्या आत लिहावयाचा, तो कोणत्या इयत्तेत मिळाला आणि शाळेच्या, राज्याच्या, राष्ट्राच्या की आंतरराष्ट्रीय पातळीवरचा, हेही सांगावयाचे. काचेचे कपाट तिथे उपयोगी पडत नाही.

मग धावपळ सुरू होते. मागणी आली की बाजार आलाच! शुल्क भरून बसावयाच्या खाजगी 'ऑलिंपियाड' परीक्षांना तर तोटा नाही. त्यांतल्या काहींत पैसे भरणारा प्रत्येक मुलगा पदक घेऊनच घरी येतो. वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी पुष्कळ हिंडलो आहे. एका ठिकाणी बावीस स्पर्धक होते आणि उत्तेजनार्थ बक्षिसे सतरा. उरलेल्या पाचांचे चेहरे मला अजून आठवतात. अशा कागदाने मुलाचा उत्साह वाढत असेल, तर माझी तक्रार नाही. मात्र अर्ज वाचणाऱ्याला एकच गोष्ट पाहावयाची असते. किती जणांतून निवड झाली आणि निवडणारा कोण होता?

या कसोटीला उतरणारे सन्मान आपल्या साध्या शाळांतूनच पडून आहेत, आणि त्यांना सन्मान म्हणून कोणी ओळखीत नाही, ही खरी गंमत आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा घ्या. त्यांत सरकारी परीक्षक श्रेणी देतात. इंटरमिजिएटच्या 'अ' श्रेणीला दहावीत ७ गुण वाढवून मिळतात, म्हणून मुले बसतात. गुण मिळाले की प्रमाणपत्र ट्रंकेच्या तळाशी. शालेय क्रीडा स्पर्धांना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडीच आहे, तिची पायरी कोणालाही समजते. गणित ऑलिंपियाडची पहिली परीक्षा सप्टेंबरच्या सुमारास होते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या ऑलिंपियाडांचे राष्ट्रीय केंद्र आहे. त्या पहिल्या पायरीवर उत्तीर्ण होणे हेदेखील लिहिण्याजोगे असते. 'इन्स्पायर-मानक' योजनेत शाळेने मुलांच्या पाच कल्पना पाठवावयाच्या. निवड झाली तर उपकरण बनवायला १०,००० रुपये मिळतात. कित्येक शाळांतून त्या पाच जागा कोऱ्या राहतात, हे दुर्दैव. १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षा मात्र २०२१ मध्ये स्थगित झाली. तिची जुनी मार्गदर्शके कोणी गळ्यात मारू लागला, तर घेऊ नयेत.

आणि या सर्वांत आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने मोलाची परीक्षा म्हणजे आठवीतली एन. एम. एम. एस. २००८ साली केंद्र सरकारने ही योजना आणली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठी ती आहे, आणि पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंतच असावे लागते. निवड झालेल्यांना नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. देशभरात वर्षाला एक लाख मुलेच निवडली जातात. पण तिच्या नावात 'आर्थिक दुर्बल' हे शब्द आहेत ना! त्यामुळे ती मदत ठरते, मान ठरत नाही. गरिबीचा दाखला चारचौघांत कशाला काढा, म्हणून पालकही गप्प बसतात.

यातली अडचण वेगळीच आहे. दसरा-दिवाळी उरकली की बीडमधील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. गाव पुन्हा भरते ते मार्चच्या आसपास. आता पंचांगाऐवजी परीक्षांचे वेळापत्रक पाहा. एन. एम. एम. एस. बहुधा डिसेंबरात, राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा बहुधा फेब्रुवारीत. म्हणजे ज्या मुलांना या परीक्षांची सर्वांत अधिक गरज, ती नेमकी तेव्हा कुठल्या तरी फडाकडेच्या कोपीवर धाकट्या भावंडांना खेळवीत असतात. चित्रकलेची परीक्षा आणि गणिताची पहिली पायरी या सहसा गाव हलण्यापूर्वी येतात, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल. डिसेंबरच्या परीक्षेसाठी मात्र मूल गावात राहिले पाहिजे. मग ते आजीपाशी असो की हंगामी वसतिगृहात.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी कित्येक किलोमीटरची वाट तुडवीत शाळेला जात असे. बारावीनंतर तो सैन्यात गेला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले, पुढच्या वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्या शाळेच्या वाटेवरच्या धावण्याचे प्रमाणपत्र कोण देणार होते?

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातील एक मुलगी गेल्या वर्षी तो परदेशी अर्ज घेऊन माझ्याकडे आली. कोणा संस्थेने तिला वाट दाखविली होती. मी मराठीचा माणूस, केवळ निबंध पाहून द्यावा एवढीच तिची अपेक्षा. सन्मानाच्या रकान्यात तिने स्वच्छ अक्षरांत 'निरंक' असे लिहिले होते. मी खोदून खोदून विचारले. तेव्हा इंटरमिजिएटची 'ब' श्रेणी निघाली, आणि मग निघाली एन. एम. एम. एस.ची निवड.

"अगं, मग हे लिहिलं का नाहीस?"

"सर, ती तर स्कॉलरशिप व्हती. बक्षीस थोडंच हाय?"

आठवीत असताना तिचे आईवडील तोडीला गेले होते. ही आजीजवळ राहिली, दोन धाकट्या भावांना सांभाळले, आणि डिसेंबरातल्या एका रविवारी शेजारच्या जीपने तालुक्याला जाऊन परीक्षा देऊन आली. अर्ज भरावयाचा होता तो वरच्या इयत्तांचा, परंतु नववी ते बारावी दरवर्षी हेच चालले होते. सन्मानांच्या पुढे उपक्रमांच्या दहा जागा असतात, आणि त्यांच्या प्रकारांत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असाही एक प्रकार आहे, हे मी तिला दाखविले. ती बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. घरचे काम अर्जात लिहावयाचे असते, हे तिला थोडे लाजिरवाणेच वाटले असावे.

तिथे आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारलेले असतात. नोव्हेंबर ते मार्च, असे बोटांवर मोजून तिने आठवडे वीस लिहिले. तासांपाशी अडली. पहाटेचा स्वयंपाक, भावांच्या अंघोळी, पाणी, संध्याकाळची चूल, आजीची औषधे असा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडून तिने ४० हा आकडा लिहिला. मग तो खोडून ३० केला.

"का गं?" मी विचारले.

"चाळीस लई वाटंल त्यान्ला," ती म्हणाली.