गौरी उठल्यावर हिमालय
चौदा दिवसांच्या प्रवासाची आखणी

"म्हशीला रविवार नसतो, बाई." चौदा दिवस हिमालयात जायचा विषय मी घरात पहिल्यांदा काढला, तेव्हा सासूबाई एवढेच बोलल्या. त्यात खोटे काय होते? दावणीला दोन म्हशी आणि एक गाय, तीन एकर सोयाबीन, खालच्या पट्टीत ऊस. आपल्यासारखी माणसे लग्नाला जातात, पंढरपूरला जातात आणि तिसऱ्या दिवशी धारेच्या वेळेला घरी हजर होतात. चौदा दिवस म्हणजे फारच झाले.

पण आम्ही गेलो. २०२४ साली आमचे हे, मी, थोरल्या वन्सं आणि दाजी असे चौघे गढवालमधल्या दोन राष्ट्रीय उद्यानांच्या वाटेने फिरून आलो. गावातल्या बायका अजून विचारतात, "कसं जमवलं गं?" त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही, ही आखणी लिहून काढते. जे चुकले तेही लिहिते.

आधी परतीची तारीख

शहरातली माणसे आधी ठिकाण ठरवतात आणि मग रजा काढतात. आपल्याला आधी शेताला विचारावे लागते. आमच्या सातारकडच्या भागात गौरी-गणपती एकदमच उठतात. तोवर सोयाबीनची कोळपणी, भांगलण, फवारणी सगळे उरकलेले असते, शेंगा भरत असतात. पाने पिवळी पडून काढणीला यायला पंधरा-वीस दिवस बाकी असतात. तेवढीच फट. मामंजींची तिथी पितृपंधरवड्यात एकादशीनंतरची, तोवर परतायला हवे होते. म्हणून कॅलेंडरवर पहिली खूण केली ती परतीची, २६ सप्टेंबरची. तिथून मागे चौदा दिवस मोजले. गौरी १२ तारखेला उठल्या, १३ ला आम्ही गाव सोडले. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी सण पुढे जातात, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा.

आता राहिला फुलांचा हिशेब. चमोली जिल्ह्यातली फुलांची घाटी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते. फुलांचा खरा भर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. पण तिकडचा पाऊस आणि कोसळणाऱ्या दरडीही तेव्हाच भरात असतात. सप्टेंबरच्या मध्यावर फुले विरळ होतात, गवताला तांबूस झाक येते. मात्र आकाश उघडायला लागते. आम्ही थोडी फुले सोडली आणि थोडा सुरक्षित रस्ता घेतला.

म्हशींची सोय

धाकटे दीर आणि जाऊबाई यांच्याशी आम्ही सरळ सावड केली. यंदा त्यांनी आमच्या धारा काढायच्या. पुढच्या वर्षी ते जातील तेव्हा आम्ही त्यांच्या. कडबा, पेंड आधीच भरून ठेवली. गुरांच्या डॉक्टरांचा फोन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला. पैशासाठी दूधसंस्थेच्या दर दहा दिवसांच्या बिलातून थोडे थोडे वर्षभर बाजूला काढले. जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा वेगळ्या पिशवीत घालून तिचे तोंड शिवून टाकले. ती अडीअडचणीची पिशवी. तिच्यावर प्रसादसुद्धा घ्यायचा नाही, असे ठरले होते.

पहिली आखणी आणि सासूबाईंचा प्रश्न

ह्यांनी वहीत पहिली आखणी केली ती भारी होती. गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून गोमुख, मग फुलांची घाटी, हेमकुंड, बद्रीनाथ. गंगोत्रीहून गोमुख पायी अठरा किलोमीटर, आणि तिथून जोशीमठला यायचे तर डोंगरातल्या रस्त्याने दोन दिवस. सगळे बेरीज करून बरोबर चौदा दिवस भरले. सासूबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "आणि पाऊस कोणत्या दिवशी?"

पेरणीचा दिवस आपण ठरवतो, पण पाऊस त्या दिवशी येईलच असे धरून कोणी चालत नाही. डोंगरातही तेच. ह्यांनी गोमुख खोडले. तीन दऱ्या पळत बघण्यापेक्षा अलकनंदेची एकच दरी धरायची आणि दोन दिवस कोरे ठेवायचे ठरले. मग वही अशी झाली :

दिवस १ व २ : पुणे, दिल्लीमार्गे रेल्वेने हरिद्वार.
दिवस ३ : ऋषीकेश, देवप्रयागवरून रुद्रप्रयाग.
दिवस ४ : कर्णप्रयाग, चमोली, पीपलकोटीवरून जोशीमठ.
दिवस ५ : जोशीमठला विसावा, रैणी गाव.
दिवस ६ : गोविंदघाट, पुलना, तिथून पायी घांघरिया.
दिवस ७ : फुलांची घाटी.
दिवस ८ : हेमकुंड.
दिवस ९ : उतरून जोशीमठ.
दिवस १० व ११ : कोरे. काही अडले नाही तर बद्रीनाथ.
दिवस १२ : पहाटे निघून हरिद्वार.
दिवस १३ व १४ : घर.

रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते. त्याच सकाळी काढावे. हेमकुंड, बद्रीनाथला जाणाऱ्यांनी उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी करावी लागते. आधारकार्डाच्या दोन-दोन प्रती जवळ असाव्यात.

पायांची आणि श्वासाची तयारी

आपल्याला वाटते, रोज रानात राबतो, आपल्याला डोंगराचे काय? पाय आपले पक्के असतात, पण तिथे हवा विरळ असते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर उंच. घांघरिया तीन हजार मीटरच्या वर, हेमकुंड चार हजारांच्या वर. म्हणून जोशीमठचा विसाव्याचा दिवस कोणी वाचवू नये. तिथे शरीर हवेची सवय करून घेते. आम्ही दोन महिने दर रविवारी अजिंक्यतारा चढलो, पाठीवर पाच किलो शेंगदाणे घेऊन. बूट तेव्हाच घेतले, म्हणजे प्रवासात पाय सोलले नाहीत. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

सामानात पावसाचा सदरा, दोन स्वेटर, कानटोपी, काठी, विजेरी, रोजची औषधे. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गुळाचे खडे. लुगडे नेसून चढता येते, पण मी आणि वन्संनी पंजाबी ड्रेस घातला आणि कोणी हसले नाही.

रस्ता अडला तेव्हा

चौथ्या दिवशी पीपलकोटीच्या पुढे दरड आली. गाड्यांची रांग लागली. शेजारच्या गाडीतला एक माणूस सारखा घड्याळ बघत होता. त्याची परतीची गाडी तीन दिवसांवर होती. आम्ही मागे फिरून पीपलकोटीला मुक्काम केला आणि दशम्या सोडल्या. आमच्या वहीतल्या दोन कोऱ्या दिवसांपैकी एक तिथे खर्ची पडला. बाकी काही बिघडले नाही.

जोशीमठहून रैणीला गेलो. नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाचे हे दार. ७,८१६ मीटरचे नंदादेवी शिखर ज्या खोऱ्यात आहे, ते आतले खोरे १९८२-८३ पासून गिर्यारोहकांना बंद आहे. आम्ही बाहेरूनच हात जोडले. रैणीचे नाव मात्र आपण ऐकलेले असते. २६ मार्च १९७४ ला पुरुषमंडळी गावात नसताना गौरादेवी आणि गावच्या बायका जंगलात गेल्या आणि झाडे तोडायला आलेल्यांना त्यांनी परत पाठवले. त्याच ऋषिगंगेला ७ फेब्रुवारी २०२१ ला अचानक लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली किंवा बेपत्ता झाली. ती नदी खाली बघताना आम्ही कोणी बोललो नाही.

फुलांची घाटी

पुलन्याहून घांघरिया सुमारे दहा किलोमीटरची चढण. खेचरे मिळतात, आम्ही चालत गेलो. घाटीत खेचरांना मनाई आणि मुक्कामालाही. सकाळी लवकर आत जायचे आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचे. १९३१ साली कामेट शिखरावरून परतताना फ्रँक स्माइथ हा इंग्रज इथे उतरला आणि पुढे त्याने या घाटीवर पुस्तक लिहिले. १९३९ साली फुले गोळा करताना जोन मार्गारेट लेग ही बाई कड्यावरून पडून वारली. तिची समाधी आत आहे.

आम्हा शेतकऱ्यांचे लक्ष वेगळ्याच गोष्टीवर गेले. १९८२ साली उद्यान झाले आणि मेंढ्यांची चराई बंद झाली. पुढे अमेला नावाचे उंच तण माजले. ते फुलांना दडपते म्हणून वनखाते ते उपटते. चराई बंद झाल्यानेच ते वाढले, असे काही जाणकार म्हणतात. काहींना ते पटत नाही. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे देवाच्या बागेतसुद्धा भांगलण आहेच!"

जिथे वही थांबते

हेमकुंडच्या चढणीवर निम्म्यात वन्संचे डोके ठणकू लागले, मग ओकारी झाली. त्या म्हणत होत्या, "थोडं राहिलंय, चढते." पण हे लक्षण विरळ हवेचे, त्यावर बसून राहणे किंवा वर चढणे हा उपाय नव्हे, खाली उतरणे हाच उपाय. आजारी माणसाला एकटे पाठवू नये. दाजी त्यांना घेऊन उतरले, आम्ही दोघे वर गेलो. तळ्याच्या अलीकडे ब्रह्मकमळे पाहिली. संध्याकाळी घांघरियाला आलो तर वन्सं पेज पीत बसल्या होत्या.

उरलेला कोरा दिवस आम्ही त्यांच्या विश्रांतीला दिला. बद्रीनाथ राहिले. पंचवीस किलोमीटरवरून माघारी फिरताना ह्यांचा चेहरा उतरला होता. पण २६ तारखेला संध्याकाळी धारेच्या आधी आम्ही घरी होतो. शिवलेली पिशवी फक्त थोडी उसवली होती.

सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "बद्रीनारायणाचा प्रसाद?" जाऊबाई म्हणाल्या, "तो आम्ही आणू."

२०२५ साली त्यांची पाळी होती. तिकिटे काढली होती. ५ ऑगस्टला गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावावर चिखल-दगडांचा लोंढा आला आणि बाजारपेठ गाडली गेली. ज्या गोमुखाला आम्ही जाणार होतो, त्याच वाटेवरचे हे गाव. पुढेही उत्तराखंडात पाऊस थांबेना. घरात बसून बोललो आणि दिरांनी तिकिटे परत केली. थोडे पैसे कापले गेले. जाऊबाईंनी पिशवी पुन्हा शिवून कपाटात ठेवली.

सावड अजून आमच्या अंगावर आहे. ज्या वर्षी आभाळ सरळ राहील, त्या वर्षी गौरी उठल्या की ती दोघे निघतील आणि चौदा दिवस चारही वेळच्या धारा आम्ही काढू. ह्यांनी वही त्यांच्या हवाली केली आहे. कोरे दिवस मात्र आता दोनाचे तीन केले आहेत.