प्रिंटरच्या पानावर पट्टे येतायत? कार्ट्रिज लगेच फेकू नका!

महिनाभर गावी होतो. परत आल्यावर लेकीचं प्रोजेक्ट छापायला घेतलं, तर निळा रंग गायब! दुकानदार म्हणाला, नवीन घ्या. म्हटलं, थांबा जरा.

ज्या कार्ट्रिजच्या बुडालाच प्रिंट हेड असतं, त्यात शाई क्षणभर तापते, बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. छिद्रं केसाहून बारीक, शाई वाळली की बंद. बशीत टिश्यूची घडी, त्यावर कोमट डिस्टिल्ड वॉटर, आणि हेड खाली करून कार्ट्रिज दोन मिनिटं ठेवलं. टिश्यूवर आधी लाल-पिवळं उमटलं, मग हळूच निळी रेघ. जिंकलो! कार्ट्रिजवरचे तांब्याचे पॉइंट मात्र कोरडे पुसा.

रिफिल करताना सिरिंज सावकाश दाबा. आत स्पंज असतो, त्याला शाई प्यायला वेळ लागतो. भोकाशी शाई दिसली की बस्स. वरचं हवेचं भोक चिकटपट्टीने बुजवलंत तर अर्ध्या पानातच शाई अडते. हे मी केलंय, दोनदा.

शाई साफ संपेपर्यंत छापू नका, कोरडं हेड जळतं. मग टिश्यूही काही करू शकत नाही. आठवड्यातून एक रंगीत पान काढा. आमच्याकडे वाणसामानाची यादी रंगीत निघते!