उत्तरतालिका जरा उशिरा उघडा!

6 डिसेंबर 2020. बहारीनमधल्या सखीरच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन शर्यतीत मर्सिडीजच्या पिटमध्ये गोंधळ उडाला. आघाडीवरच्या जॉर्ज रसेलच्या गाडीला सहकारी बोट्टासचे पुढचे टायर बसवले गेले. शर्यत सर्जिओ पेरेझने जिंकली. नंतरच्या तपासात रेडिओतला बिघाड सापडला, म्हणजे चूक नेमकी कुठे शिरली ते कळलं.

तर्कक्षमतेच्या परीक्षेचा सराव करणारे बहुतेक जण चुकीचं मूळ शोधण्याच्या याच टप्प्यावर कमी पडतात. पेपर सोडवायचा, गुण मोजायचे, पुढचा पेपर घ्यायचा!

अमेरिकेतल्या विधी प्रवेशाच्या एलसॅटचे उमेदवार 'ब्लाइंड रिव्ह्यू' करतात. वेळ लावून पेपर सोडवताना शंकेच्या प्रश्नांवर खूण करायची आणि उत्तरतालिका न पाहता तेच प्रश्न निवांतपणे पुन्हा सोडवायचे. दुसऱ्यांदा बरोबर आलं, तर अडचण बहुधा वेगाची. दोन्हीदा चुकलं, तर युक्तिवादच समजलेला नाही. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तरही तपासायचं. सगळ्यात फसवं तेच. ऑगस्ट 2024 पासून एलसॅटमधले प्रसिद्ध 'लॉजिक गेम्स' गेले, त्यामुळे युक्तिवादाच्या प्रश्नांचं वजन आणखी वाढलं.

महाराष्ट्राच्या एमबीए-सीईटीचं गणित वेगळं: 150 मिनिटं, 200 प्रश्न, त्यातले 75 तार्किक. एका प्रश्नाला सरासरी 45 सेकंद, पण चुकीला गुणकपात नाही. म्हणून इथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आयआयएम प्रवेशाच्या कॅटमध्ये मात्र बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर चुकलं की एक गुण जातो, तिथे बैठकव्यवस्थेचा कुठला प्रश्नसंच सोडून द्यायचा हेही सरावातच ठरवावं लागतं.