गळू, खाडा आणि खाट

आळंदी रस्त्यावरचे दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. भोसरीच्या कारखान्यांत राबणाऱ्या अनेक कंत्राटी कामगारांची बिऱ्हाडे येथे आहेत. उन्हाळा लागला की लहान मुलांच्या अंगावर गळवे उठतात आणि दोष आंब्याला दिला जातो. बिचारा आंबा निर्दोष आहे. घामोळ्यातून, खाजवलेल्या त्वचेतून शिरणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू बहुधा त्याच्या मुळाशी असतो.

पू साचला की मुख्य उपचार एकच : जागा बधिर करून चीर द्यावी आणि पूला वाट करून द्यावी. पूच्या पोकळीत प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. चिरेच्या जोडीला ती दिल्यास बरे होण्याचे प्रमाण वाढते, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. पण चिरेच्या जोडीला, चिरेऐवजी नव्हे. मूल अगदी तान्हे असेल, ताप चढला असेल, गळू चेहऱ्यावर वा गुदद्वाराजवळ असेल तर रुग्णालयच गाठावे. एरवी मूल तासाभरात घरी जाऊ शकते. ग्लासगोच्या जेम्स निकोल या शल्यविशारदाने मुलांवर बाह्यरुग्ण विभागात केलेल्या सुमारे नऊ हजार शस्त्रक्रियांचा वृत्तांत १९०९ मध्येच मांडला होता.

मग घोडे अडते कोठे? माझ्या मते, खाड्यापाशी. सरकारी बाह्यरुग्ण विभागाची मुख्य वेळ सकाळची, म्हणजे नेमकी पहिल्या पाळीची. एक खाडा चिरेसाठी, दुसरा मलमपट्टीसाठी. त्यापेक्षा औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणणे बापाला स्वस्त पडते. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचा हिशेब त्याच्यापुरता चोख असतो. गळू मात्र आत पसरत राहते.

आणि येथेच आपल्या आरोग्य-अर्थव्यवस्थेची विसंगती उघडी पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय किंवा २०१८ ची आयुष्मान भारत काय, दोन्हींचा भर खाटेवर दाखल झालेल्या रुग्णावर आहे. पंधरा मिनिटांच्या चिरेला त्यांत जवळजवळ स्थान नाही. कामगार राज्य विमा योजना कुटुंबाला बाह्यरुग्ण उपचारही देते. पण कंत्राटदाराने नोंदणीच टाळली तर तो हक्क कागदावर राहतो.

दिघी-भोसरीच्या पालिका दवाखान्यांत सायंकाळी सहा ते नऊ या वेळात लहान शस्त्रक्रियांची सोय करावी. निर्जंतुक हत्यारे, सराव असलेला डॉक्टर, एक परिचारिका, एवढ्यावर ती चालेल. सुजलेल्या जागी बधिर करणारे औषध कमी लागू पडते, म्हणून मुलाला आधी वेदनाशामक देण्याइतकी सवड मात्र हवी. मूल आकांताने रडले की आई दुसऱ्यांदा येत नाही. इमारती आणि यंत्रे यांना अर्थसंकल्पात तरतूद मिळते. या तीन तासांच्या मानधनालाही ती मिळावी, आणि आरंभ मार्च ते जून या चार महिन्यांपासून व्हावा.