सुगडाचा बाजार आणि मडक्यामागचे हात



भोगी जवळ आली की अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या बाजारात भाजीच्या टोपल्यांशेजारी सुगडांच्या राशी लागतात. काळी सुगडं, लाल सुगडं. आपण पाच घेतो, त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, गाजर, उसाचे करवे, ओंब्या आणि तिळगूळ भरतो, हळदीकुंकू वाहतो आणि वाण देतो. हा मातीचा बाजार वर्षातून एकदाच भरतो आणि संक्रांत झाली की उठतो. म्हणून आज तीन गोष्टी बोलू. सुगड कसं घडतं, चांगलं मडकं कसं ओळखायचं आणि या कामातल्या बाईचं नाव कुठं लागतं.

सुगड म्हणजे सुघट, चांगला घट. त्यासाठी माती आणायची, वाळवायची, कुटायची, चाळायची, भिजवायची. त्यात राख किंवा लीद घालून ती पायानं तुडवायची. मग चाकावर आकार द्यायचा. मोठं मडकं असेल तर आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापटण्यानं ठोकत ते वाढवायचं. नंतर सावलीत वाळवायचं. घाईनं उन्हात ठेवलं तर तडा जातो. शेवटी आव्यात भाजायचं.

काळं आणि लाल सुगड एकाच मातीचं असू शकतं, बरं का. मातीत लोह असतं. आव्यात हवा खेळती राहिली तर त्या लोहामुळे मडकं लाल होतं. हवा कोंडली की धूर मडक्यात मुरतो आणि ते काळं होतं. आपल्या चुलीत हवा कमी पडली की भांड्याला काजळी धरते, तसंच हे. आता काही सुगडांना नुसता काळा रंगही फासलेला असतो. ओलं बोट घासून बघा. काळं उतरलं तर तो वरून दिलेला रंग आहे. पूजेपुरतं ते चालेल, पण खाण्यापिण्याचं काही त्यात ठेवू नका.

पाण्याचा माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवा. खणखणीत वाजला तर नीट भाजलेला. बद वाजला तर कच्चा किंवा तडकलेला. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. परीक्षा तीच. माठाला बाहेरून तैलरंग नको. बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. रंगानं छिद्रं बुजली की माठ गार करत नाही. नवा माठ दिवसभर पाण्यात भिजवून मगच वापरा.

आता बाईचं. आपल्याकडे म्हण आहे, कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच. का येईल? आव्यासाठी राख, केरकचरा, शेण गोळा करणं तिच्याकडे असतं म्हणून. माती चाळणं, तुडवणं, मडकी उन्हासावलीत हलवणं, रंग देणं, पाटी घेऊन बाजारात बसणं, यातलं पुष्कळ काम बायका करतात. चाक मात्र बहुतेक घरांत पुरुषाकडे. त्यामुळे कुंभार म्हटलं की नाव त्याचंच लागतं.

हे नाव कागदावर महत्त्वाचं ठरतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत कुंभारकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. पण एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. स्वतः हातानं काम करणारी, १८ वर्षं पूर्ण झालेली बाई अर्ज करू शकते. अर्ज नागरी सुविधा केंद्रात होतो. तेव्हा नाव कुणाचं घालायचं, हे घरात आधी बसून ठरवा. ठरवलं नाही तर ते आपोआप पुरुषाचं लागतं.

बचत गटांनी काय करावं? सुगडांची मागणी मार्गशीर्षातच गोळा करावी आणि कुंभारणीला थोडी रक्कम आधी द्यावी. म्हणजे तिला जळणासाठी उसनवारी करावी लागत नाही आणि आपल्याला ऐनवेळी रंग फासलेला माल घ्यावा लागत नाही.

बाजार एका सणापुरता ठेवू नका. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. तिथं महाशिवरात्रीला मोठी जत्रा भरते. पणत्या, धुपाटणी तिथं नेता येतील. अक्षय तृतीयेला आपण पितरांसाठी उदककुंभ देतो. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी वसवलेल्या उल्हासनगरात हाच दिवस अखंड तीज म्हणून पाळतात, माठ दान करतात, आल्यागेल्याला पाणी देतात. म्हणजे एकाच दिवशी दोन्ही घरांना माठ लागतो. पुढं नवरात्रात घट, दिवाळीत पणत्या. जागा हवी असेल तर नगरपरिषदेत किंवा महानगरपालिकेत अर्ज सणाच्या बराच आधी द्या.

आणि यंदा सुगडं घेताना दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी समोरच्या बाईला एवढं विचारा, "ताई, यातलं तुम्ही काय काय केलंत?" ती जे सांगेल ते गटाच्या पुढच्या बैठकीत मांडा.